विझ्ला पाळताना : बुडापेश्तच्या चौथ्या मजल्यावरच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२३
केच्केमेत गावाजवळच्या एका ब्रीडरबाईंकडून विझ्लाचं, म्हणजे हंगेरियन शिकारी जातीच्या कुत्र्याचं, पिल्लू आणलं. मादी, साडेआठ आठवड्यांची, वजन ५ किलो ४०० ग्रॅम. चिप बसवलेली, पासपोर्ट हातात, किंमत ३,२०,००० फोरिंट. परतीचा रस्ता जेमतेम सव्वा तासाचा, त्यात दोनदा उलटी. तिला निघायच्या आधी खायला घालू नका असं बाईंनी सांगितलं होतं, पण नवऱ्याला दया आली.

विझ्लाच्या रंगाला इथे ‘झेम्ले’ रंग म्हणतात. झेम्ले म्हणजे इथला रोजचा गोल पाव. आम्ही कोल्हापूरचे, आम्हाला पाव दिसेना, काकवी दिसली. म्हणून नाव ठेवलं काकवी.

१६ ऑक्टोबर
नाव बदललं. खालच्या मैदानात मी ‘काकवी, ये’ करून दोन हाका मारल्या आणि घसरगुंडीवरची पोरं खो खो हसत सुटली. हंगेरियन पोरांच्या भाषेत ‘काका’ म्हणजे शी. आता गुळी. एवढ्या लहान पिल्लाला नाव बदलल्याचं काही वाटत नाही, आम्हालाच दोन दिवस चुकल्यासारखं वाटलं.

आईला फोनवर सांगितलं की इथे कुत्र्याला ‘कुट्यॉ’ म्हणतात. ती म्हणाली, मग एवढ्या लांब कशाला गेलात?

२४ ऑक्टोबर
दिवसाला दहा-अकरा डबकी. आमचा पॅनेलचा (काँक्रीटच्या तयार भिंती जोडून बांधलेल्या इमारतीतला) फ्लॅट चौथ्या मजल्यावर, लिफ्ट म्हातारी. दारातून निघून गवतापर्यंत पोचायला अडीच मिनिटं लागतात आणि पिल्लाची ऐपत दीड मिनिटाची. पहिल्या आठवड्यातली चूक : मी फरशी नेहमीच्या उग्र वासाच्या फिनेलसारख्या द्रावणाने पुसत होते. माणसाच्या नाकाला स्वच्छ वाटतं, तिच्या नाकाला तो कोपरा अजून मुतारीच. जनावरांची लघवी साफ करायचं एन्झाइमवालं द्रावण आणलं (४,२०० फोरिंट) तेव्हा कोपरे सुटले.

सध्याचा रिवाज : झोपेतून उठली की, खाल्लं की, खेळणं थांबलं की, आणि एरवी दर दीड तासाने उचलून खाली. लसी पुऱ्या झालेल्या नाहीत, म्हणून इतर कुत्री जात नाहीत अशा एका कोपऱ्यापुरतंच. रात्री दोन वेळा. नवरा एक वाजताचा, मी चार वाजताची.

८ नोव्हेंबर
ही नोंद लिहायला लाज वाटते. दात शिवशिवतात म्हणून ती मनगटं चावते, माझ्या दोन्ही हातांवर ओरखडे. काल संध्याकाळी तिने लॅपटॉपची वायर धरली आणि मी गुंडाळलेला पेपर टेबलावर आपटून जोरात ओरडले. तिला हात लावला नाही. तरी ती जागच्या जागी मुतली, सोफ्यामागे जाऊन बसली, आणि आज दिवसभर मी उभी राहिले की कान मागे पाडून जमिनीला चिकटते.

आमच्या गावाकडे कुत्रं ओरडा खाऊन पाच मिनिटांत शेपूट हलवत परत येतं. हे तसलं नाही. याचं मन दुधावरच्या सायीसारखं आहे, फुंकरीनेसुद्धा सुरकुतं. आता चावली की मी ‘आई गं’ म्हणून उठून स्वयंपाकघरात जाते, अर्ध्या मिनिटाने परत येते. वायरी सगळ्या भिंतीवर चढवल्या. चघळायला गोठवलेलं गाजर. (नंतरची भर : परत नीट जवळ यायला तिने चार दिवस घेतले.)

१८ नोव्हेंबर
तीन महिने पुरे. रेबीजची लस, इथे ती कायद्याने सक्तीची. दुसरा डोस सहा महिन्यांच्या आत, मग दरवर्षी.

आजपासून पिल्लांची शाळा. आठ शनिवार, ४५,००० फोरिंट. आज्ञा हंगेरियनमध्येच शिकवायचं ठरलं, ‘यूल’ म्हणजे बस, ‘मॉरॉड’ म्हणजे थांब. याचं कारण असं की मी पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर मोठ्याने ‘बस, बस’ म्हणाले आणि शिकवणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन हसू दाबत सांगितलं की इथल्या कानांना हे एका वाईट शिवीच्या सुरुवातीसारखं ऐकू येतं. नाव झालं, आज्ञाही झाली. आता मराठीत फक्त लाड.

ट्राम-बसमध्ये लहान पेटीत मावत नसलेल्या कुत्र्याला पट्टा आणि तोंडाला मुसकं लागतं, तिकीट वेगळं. मुसकं आणलंय. रोज त्यात पातळ केलेलं लिव्हर पाते लावून चाटायला देतेय, बकल अजून लावलेलं नाही. हे काम उशिरा सुरू केलेले लोक ‘हेव’च्या (इथल्या उपनगरी रेल्वेच्या) डब्यात कुत्र्याशी कुस्ती करताना दिसतात.

११ डिसेंबर
लिफ्टमध्ये चिठ्ठी. खालच्या मजल्यावरच्या नेनींनी (नेनी म्हणजे इथली मावशी-आजी) सुबक अक्षरात लिहिलंय : चौथ्या मजल्यावरचं कुत्रं काल ९.४० ते ११.१५ रडत होतं.

खरं आहे. मी आठवड्यातले दोन दिवस ऑफिसला जाते, नवरा तीन. काल एकाच वेळी दोघांनाही जावं लागलं. जुना फोन कॅमेरा म्हणून लावून ठेवला होता, संध्याकाळी बघितलं. भुंकणं नव्हतंच. दाराकडे तोंड करून, मान वर, कोल्ह्यासारखं लांब हेल काढून रडणं. मध्येच दाराची चौकट कुरतडणं. घर भाड्याचं.

चूक आमची. पहिले आठ आठवडे ती एक क्षणही एकटी नव्हती. संडासात गेले तरी दारात बसायची आणि आम्हाला ते गोड वाटायचं. ही जात शिकाऱ्याच्या पायाशी राहण्यासाठीच घडवलेली. चिकटणं तिला शिकवावं लागत नाही, सुटणं शिकवावं लागतं.

१४ डिसेंबर ते ४ फेब्रुवारी
एकटं राहण्याचा सराव, रोज. नोंद एकत्र करतेय, कारण रोजचं वाचण्यासारखं काही नाही. दाराबाहेर दहा सेकंद. वीस. बूट घालायचे आणि जायचं नाही. किल्ल्या वाजवायच्या आणि चहा करायचा. रडायच्या आधी परत यायचं, रडल्यावर नाही. नवव्या दिवशी चार मिनिटं झाली म्हणून मी खूश होऊन वीस मिनिटं दुकानात गेले, आणि गाडी पुन्हा तीस सेकंदांवर. एक आठवडा वाया. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती दार लावलेल्या पिंजऱ्यात होती. दार उघडं ठेवलं तेव्हा उलट ती आपणहून आत झोपायला लागली.

४ फेब्रुवारीला पावणेदोन तास. एकूण साडेसात आठवडे, त्यात दोघांच्या मिळून सहा रजा. नेनींना पोहे नेऊन दिले, त्यांनी बदल्यात अक्रोडाचं बेइग्ली (सारण भरून गुंडाळलेला गोड रोल) दिलं.

१० जानेवारी २०२४
मधलीच एक नोंद, थंडीची. उणे सहा. विझ्लाला आतली लोकर नसते, केस एका थराचे आणि आखूड. पाच मिनिटांत पाय उचलून कापायला लागली. कोट घेतला (१४,००० फोरिंट), आणि पिल्लाला स्वेटर घालणारी इंडियन मी हसण्याचा विषय होईन असं वाटलं होतं, तर इथे सगळ्याच विझ्ला कोटात. बर्फ वितळवायला फुटपाथवर मीठ टाकतात, ते पंजांच्या भेगांत झोंबतं. घरी आल्यावर कोमट पाण्याचा डबा दारातच.

११ मार्च
सर्वांत महागडी चूक. गोचीड-पिसवांची महिन्याची गोळी मी डिसेंबरपासून बंद केली होती. थंडीत कुठल्या गोचिडी, हा आपला हिशेब. हंगेरीत गोचीड फेब्रुवारीतल्या कोवळ्या उन्हालाही उठून बसते.

शनिवारी तिने नाश्ता सोडला. या कुत्रीने नाश्ता सोडणं म्हणजे कोल्हापुरात मिसळ शिळी होणं. मला वाटलं पोट बिघडलं असेल, एक दिवस बघू. रविवारी संध्याकाळी गवतावरची लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. ओठ वर करून बघितला, हिरड्या पांढुरक्या. ताप ४०.६. रात्रीच्या इमर्जन्सी दवाखान्यात रक्ताची काच तपासली : बॅबेसिया. गोचिडीतून येणारा परजीवी, तांबड्या पेशी फोडतो. इंजेक्शन, सलाइन, एक रात्र दाखल, दोन आठवड्यांनी दुसरं इंजेक्शन, मधे तीनदा रक्त तपासणी. सगळं मिळून १,१०,००० फोरिंट. गोळी महिन्याला साडेपाच हजारांना मिळते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून एक दिवस ‘बघू’ केलं असतं तर मूत्रपिंडं गेली असती. ज्यांना इथे कुत्रं पाळायचंय त्यांनी एवढी एकच नोंद वाचली तरी चालेल. नाश्ता सोडला आणि लघवी गडद, की त्याच तासाला निघा.

२७ एप्रिल
तब्येत पूर्ण बरी, वजन १९ किलो, आणि आता आमची धडगत नाही. रात्री आठ वाजता सोफ्यावरून भिंत, भिंतीवरून नवऱ्याची पाठ. सगळे एकच सांगतात : दमव. म्हणून सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास, हायोड्यारी बेटावर चेंडू. चेंडू फेकायची काठी घेतली, एका वेळी साठ-सत्तर फेकी.

१९ मे
तीन आठवडे रोज तीन तास. फळ : आठ वाजताचा धिंगाणा आता साडेनऊपर्यंत. चेंडू कपाटात असला तरी कपाटासमोर उभी राहून थरथरते. पुढचा उजवा पाय लंगडतोय. डॉक्टरीणबाईंनी खांदा-कोपर दाबून बघितलं, म्हणाल्या हाडं अजून वाढतायत, सत्तर वेळा करकचून ब्रेक मारायला लावू नका. दोन आठवडे फक्त पट्ट्यावर चालणं.

नवरा म्हणाला, आपण दमलेलं कुत्रं बनवायला निघालो होतो, धावपटू बनवून बसलो. जितकं पळवू तितका तिचा दम वाढतोय. चेंडूची काठी देऊन टाकली. पण मग करायचं काय, ते मात्र अजून कळलेलं नाही.

९ जून
हार्मॉशहातार-हेज्य टेकडीवरच्या जंगलात चाळीस मिनिटं कुत्रं हरवलं.

वाटेच्या कडेला ती अचानक थांबली. पुढचा डावा पाय दुमडलेला, शेपूट पाठीच्या रेषेत ताठ, नाक किंचित वर. अंगावर एक माशी बसली होती, तिच्यासाठीसुद्धा कातडी हलली नाही. फक्त नाकपुड्या. याला पॉइंट म्हणतात हे माहीत होतं, बाल्कनीतल्या कबुतरांवर तिने अर्धामुर्धा केलाही होता, पण हे वेगळं. मी बघत राहिले आणि तेवढ्यात झुडपातून भेकरासारखं हरीण उडालं. मी ‘ज्येरे’ (म्हणजे ‘ये’) म्हणून ओरडेपर्यंत दोन्ही दिसेनासे.

शिट्टी नाही, लांब दोरी नाही, आणि ‘ज्येरे’ हा शब्द तर मीच नासवलेला. सहा महिने मी तो फक्त मैदानातून घरी न्यायच्या वेळी वापरला. म्हणजे तिच्या लेखी ‘ज्येरे’ याचा अर्थ ‘मजा संपली’. कोण येईल?

एका वयस्क शिकारीकाकांनी सांगितलं, शोधत फिरू नका, जिथून सुटली तिथेच थांबा, कुत्रं आपल्याच मागावर परत येतं. थांबले. आली, जीभ गुडघ्यापर्यंत, पोटाला चिखल. रागावले नाही, नोव्हेंबरचं लक्षात होतं. खिशातलं सगळं चीज दिलं.

दुसऱ्या दिवशी दहा मीटरची दोरी घेतली. आपल्याकडे बैलाला कासरा असतो तसाच, फक्त नारिंगी आणि ९,००० फोरिंटचा. गळपट्ट्याला कधीही नाही, छातीच्या पट्ट्याला लावायचा, नाहीतर मानेला हिसका बसतो. नवी खूण म्हणून शिट्टी : आधी घरात, वाजवली की उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचा तुकडा, दिवसाला पंधरा वेळा, दहा दिवस. मग खाली, मग बेटावर कासऱ्यासह.

२३ जून
कुसळ. वाळलेल्या गवताची ती काटेरी टोकं, इथे ‘टोक्लास’ म्हणतात आणि जूनमध्ये दवाखान्यांची निम्मी रांग त्याचीच असते. फिरून आल्यावर ती डोकं डाव्या बाजूला वाकडं करून जोरजोरात झटकायला लागली. मी टॉर्च लावून बघितलं, काही दिसेना. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, कानातलं नाही दिसत. ते एका दिशेनेच सरकतं, आत. गुंगी देऊन काढावं लागलं, ४६,००० फोरिंट. चिमट्यात धरून डॉक्टरीणबाईंनी दाखवलं, ज्वारीच्या कणसाच्या तुसाएवढं.

आता गुडघाभर वाळल्या गवतात बंदी. घरी आल्यावर दोन्ही कान, काखा आणि प्रत्येक पंजाच्या बोटांमधल्या फटी. चार मिनिटं लागतात. परवा बोटांत दोन सापडली.

२१ ऑगस्ट
काल संत इश्टवानचा दिवस, नदीवर आतषबाजी. आम्ही शहाणपणा केला : संध्याकाळी सहालाच फिरवून आणलं, खिडक्या बंद, टीव्ही मोठा, न्हाणीघरात गादी. ती थरथरली पण घरात होती. आज सकाळपासून आमच्या गल्लीत दोन हरवलेल्या कुत्र्यांची पोस्टरं. एरवी आमच्या नोंदीत चुकाच असतात, म्हणून हीही लिहिली.

१८ सप्टेंबर
डॅन्यूबला पूर. रोमाई किनारा बंद, वाळूच्या पोत्यांच्या भिंती, खालचे रस्ते बंद, मार्गित बेटही बंद. पंचगंगेचा पूर बघितलेली माणसं आम्ही, पाण्याचं अप्रूप नाही, पण आमच्या फिरायच्या चारही जागा एकदम गेल्या. पाणी अजून चढतंय.

कुत्रं तेरा महिन्यांचं, घर पंचावन्न चौरस मीटरचं. मला धडकी भरली.

नाइलाज म्हणून : तिचं अर्धं खाणं वाटीत न देता घरभर लपवलं. पुस्तकांमागे, बुटात, बादलीखाली. ती वीस मिनिटं हुंगत फिरली. मग मी एका मोज्यात दालचिनीचा तुकडा बांधला, तिला हुंगायला दिला आणि तो मोजा लपवला. पहिल्यांदा सापडायला सहा मिनिटं, आणि सापडल्यावर त्याच्यासमोर ताठ उभी, पाय दुमडून. मोज्याला पॉइंट!

त्यानंतर ती जाऊन झोपली. संध्याकाळी साडेसहाला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो, बॅबेसिया परत आला की काय म्हणून हिरड्यासुद्धा तपासल्या. गुलाबी होत्या.

२९ सप्टेंबर
पाणी उतरलं. २१ तारखेला आठ मीटरच्या वर गेलं होतं. या अकरा दिवसांत रोज बाहेर एकूण पन्नास मिनिटं, पट्ट्यावर, वस्तीतल्याच रस्त्यांनी. घरात दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं हुंगायचं काम. आणि रात्री आठचा धिंगाणा अकरातले नऊ दिवस नाही.

म्हणजे एप्रिलपासून मी चुकीचा अवयव दमवत होते. ज्या जातीला शेकडो एकर शेतात लावा-तितर हुंगून काढायला घडवलं, तिला मी चेंडूमागे आंधळी पळवत होते, नाक बंद ठेवून. पळणं बंद केलेलं नाही, ते हवंच. आता बेटावर मोकळं पळणं रोज तास-सव्वा तास, चेंडूशिवाय, आणि रस्त्याच्या कडेला हुंगायला थांबली की मी पट्टा ओढत नाही. एका खांबाला चार मिनिटं लागली तर चार.

दुसरी गोष्ट, चटईची. स्वयंपाक करताना ती चटईवर बसली की काही न बोलता एक दाणा समोर ठेवायचा, पूर्ण आडवी झाली, एक कुल्ला टेकला की दोन. कुत्र्याला आराम शिकवावा लागतो हे मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

१४ ऑक्टोबर
वर्ष झालं. विचारणाऱ्यांसाठी हिशेब, फोरिंटमध्ये. पिल्लू ३,२०,०००. खाणं २,६४,०००. लसी, गोळ्या, नेहमीच्या तपासण्या ८५,०००. बॅबेसिया १,१०,०००. कुसळ ४६,०००. शाळा ४५,०००. पट्टे, मुसकं, कोट, पिंजरा, कासरा, चेंडूची ती काठी ७८,०००. दाराची चौकट आणि घरमालकाचा सोफा ९०,०००. बेरीज १०,३८,०००, म्हणजे साधारण २ लाख ४० हजार रुपये. यातले दीड लाखाच्या वर फोरिंट निव्वळ आमच्या अकलेचे, फक्त गोळी आणि गवत.

पुण्यातल्या मावसभावाला फोटो बघून विझ्ला हवीय. दोघंही नऊ ते नऊ ऑफिसात. त्याला १४ डिसेंबरची नोंद पाठवली. उत्तर नाही.

८ डिसेंबर
हार्मॉशहातार-हेज्यवर सहा महिन्यांनी पुन्हा, कासऱ्यासह. हरीण दिसलं, पॉइंट, मी शिट्टी वाजवली. तिने मान वळवली. हरणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा हरणाकडे, आणि पळाली. कासऱ्याच्या टोकाला मी होते, त्यामुळे मीही पळाले, साधारण आठ मीटर, त्यातले तीन पोटावर. मान वळवली ही प्रगती धरायची असं ठरवलंय. जंगलात कासरा सुटणार नाही, कदाचित कधीच नाही.

मोजे या वर्षात एकोणीस गेले, त्यात दोन तिच्या पोटातून परत आले. काल टूरो रुडीची (चॉकलेटचा थर दिलेली चक्क्याची कांडी) पाच वेष्टनं पिंजऱ्यात सापडली, चॉकलेटचा थर पातळ म्हणून वाचलो. फ्रिजला लहान मुलांचं कुलूप लावलं, १,९०० फोरिंट.

बाहेर उणे तीन. गोचिडीची गोळी दिली.